रेंजरच्या शिक्क्याआड फुललेली डहाळी

या सदरात माझं नाव पाहून माझे काही मित्र हातातला चहा खाली ठेवतील, हे मला ठाऊक आहे. चांद्यात अंगारे-धुपाऱ्यांविरुद्ध पत्रकं वाटणारा, जत्रेत बुवाच्या मांडवासमोर खुर्ची टाकून भाषण ठोकणारा आणि त्यापायी मारही खाल्लेला इसम तो मीच. मी देव मानत नाही, भूत मानत नाही, आणि ‘काहीतरी शक्ती असते बरं का’ असं मान डोलावून सांगणाऱ्यांना तर मुळीच मानत नाही. आजही नाही. तरी लिहितो आहे, कारण त्या डोंगराच्या पायथ्याशी हल्ली एक जण दगडाला शेंदूर फासून बसला आहे आणि ‘इथं चमत्कार झाला’ म्हणून लोकांकडून नारळ घेतो आहे. तो त्या दिवशी तिथं नव्हता. मी होतो. तेव्हा जे झालं तेवढंच, पदरचं काही न घालता, कुणीतरी सांगायला हवं.

जागा नीट सांगतो. आपल्या जिल्ह्याच्या पार पूर्वेला, आलापल्लीहून भामरागडकडं जाताना बैलगाडीची वाट जिथं संपते, तिथून पुढं पायी. माडिया गोंडांचं लहानसं गाव आणि गावाच्या डोक्यावर डोंगर. गावकरी त्याला नुसतं ‘मेट्टा’ म्हणतात — त्यांच्या बोलीत डोंगरच. खालच्या उतारावर सगळा साग, उन्हाळ्यात खराट्यासारखा उघडा पडणारा. पण मेट्ट्याच्या माथ्यावर, जिथं थंडीत दुपारपर्यंत धुकं हलत नाही, तिथं एक झाडी बारा महिने हिरवी असते. काळपट जाड पानं, साल हाताला थंड लागते, पान चुरगळलं तर कच्च्या हळदीसारखा वास. त्या झाडांच्या मुळांतून झरा निघतो. वैशाखात आसपासचे नाले आटले की गाव त्या झऱ्यावर जगतं. माथा उघडा पडला तर झरा जाणार आणि झऱ्यामागं गाव उठणार, हे सांगायला इंजिनियर लागत नाही.

जमीनदारी गेली, जंगल सरकारचं झालं. आम्ही साखर वाटली. आणि मग तोडीसाठी जंगलाचे जे तुकडे आखले — त्यांना कूप म्हणतात — त्यात मेट्ट्याचा माथा घातला. कशासाठी? खाणीत छताला टेकू द्यायच्या बल्ल्यांसाठी. कागदावर शेरा काय, तर ‘किरकोळ जातीची झाडे’. गावाचं पाणी कागदावर नव्हतंच.

मी त्या गावात गेलो होतो लोकांच्या जळण-बांबूच्या हक्कांचे अर्ज लिहून द्यायला. बी.एस्सी. अर्धवट टाकून चळवळीत पडलेला माणूस मी. वनस्पतिशास्त्र थोडंफार डोक्यात उरलं होतं. ही झाडं मला ओळखू येईनात. पानं घेऊन नागपूरला माझ्या जुन्या प्राध्यापिका कमलाबाईंकडं गेलो. त्यांनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं.

“ओळखीचं नाही,” त्या म्हणाल्या. “कदाचित अजून कुणीच नोंदलेलं नाही. पण नुसत्या पानांवर मी नाव देत नाही.”

“बाई, तिकडं कुऱ्हाडी निघाल्यात.”

“मग कुऱ्हाडींच्या आधी फूल आण. मुलगी न बघता लग्न ठरवणारी माणसं वेगळी. आम्ही त्यातले नाही.”

फूल! गावात विचारलं तर सगळे हसले. हे झाड फुलत नाही म्हणे. गावातली वडीलधारी जोगीबाई — मी तिच्याच ओसरीवर मुक्काम करायचो — म्हणाली, “माह्या जन्मात नाई पाह्यलं, बाबू. माह्या सासूनं बी नाई पाह्यलं. तुले काऊन दाखवंल ते?”

मग मी माझं नेहमीचं हत्यार काढलं. पत्रक छापलं — ‘आपण काय तोडतो आहोत हे सरकारला तरी माहीत आहे काय?’ ते जिल्ह्याच्या जंगलखात्यातल्या वरच्या साहेबांच्या टेबलापर्यंत गेलं. साहेब त्यातल्या त्यात बरे होते. म्हणाले, नागपूरच्या कॉलेजनं नवी जात म्हणून लिहून दिलं तर माथा कूपातून वगळतो. नाही दिलं तर संक्रांतीनंतर तोड सुरू. नमुना मात्र रेंजरच्या समोर घ्यायचा.

रेंजर म्हणजे तिथला मालकच. ठेकेदाराच्या जीपमधून फिरणारा. माझी पत्रकं तो पान बांधायला वापरतो, असं मला त्याच्याच शिपायानं सांगितलं होतं.

पौषातल्या एका सकाळी आम्ही वर चढलो — मी, जोगीबाई, तिचा पुतण्या आणि रेंजर. पुतण्या झाडावर चढायला निघाला तशी जोगीबाईनं त्याला थांबवलं. कमरेच्या गाठीतून तांदळाचे दाणे काढून बुंध्याशी ठेवले आणि माडियात झाडाशी बोलायला लागली. चांगली ऐसपैस, शेजारणीशी बोलावं तशी. मला राहवलं नाही.

“जोगीबाई, झाडाला काय सांगताय? सांगायचं तर या रेंजरसाहेबांना सांगा.”

“त्याले तं तू सांगून पाह्यलं,” ती मागं न बघता म्हणाली. “ऐकलं का त्यानं?”

रेंजरसुद्धा हसला.

पुतण्यानं वरच्या डहाळ्या तोडून खाली सोडल्या. वनस्पतीचा नमुना टिकवायचा तर ती टिपकागदांत पसरून, दोन फळ्यांमध्ये ठेवून, दोरीनं करकचून आवळतात. माझ्याकडचा प्रेस म्हणजे अशाच दोन फळ्या. मी कागद पसरले, तर रेंजरनं मला बाजूला सारलं.

“सरका, पुढारी. तुम्ही लोक कुठल्या तरी बागेतलं फूल आणून चिकटवाल. हे काम मी करतो.”

आणि केलं त्यानं. मान्य करतो, मन लावून केलं. प्रत्येक डहाळी उलटसुलट पाहिली, प्रत्येक पानाचा बेचका बोटानं चाचपला. “जोगीबाई, पाहून घ्या. पुढारी, तुम्हीपण पाहा. फूल नाही. कळी नाही. फळ नाही. मंजूर?”

मंजूर. काय करणार… नव्हतंच काही. मी तिघांच्याही आधी शोधलं होतं. मला आशा एवढीच होती की ताज्या डहाळ्या पाहून कमलाबाई थोड्या विरघळतील.

त्यानं दोरी आवळली, गाठींवर लाख वितळवून ओतली आणि खात्याचा शिक्का दाबला.

“साहेब, आतले कागद रोज बदलावे लागतात. नाही तर सगळं काळं पडून बुरशी येते.”

“शिक्का नागपूरलाच तुटेल. माझ्या हातानं.” त्यानं प्रेस स्वतःच्या लोखंडी पेटीत टाकला, कुलूप लावलं आणि किल्ली जानव्याला बांधली. म्हणजे नमुना सडावा हीच योजना. असला संताप आला मला! पण साहेबांची अट होती… मुकाट्यानं त्याच्या मागं निघालो. बैलगाडी, मग आलापल्लीहून मोटर, बल्लारशाहून रेल्वे. पेटी त्याच्या बुडाखाली, मी समोर. सबंध प्रवासात मी त्या पेटीला बोट लावलं नाही. लावू दिलंच नसतं त्यानं.

कमलाबाईंच्या प्रयोगशाळेत भर दुपारी, मोठ्या खिडकीजवळच्या टेबलावर पेटी उघडली. रेंजरनं शिक्के एकेक करून बाईंना दाखवले. “शाबूत आहेत ना? बघून घ्या, मागून कटकट नको.” बाईंनी भिंगातून पाहिले. शाबूत. मग त्यानं चाकूनं लाख फोडली, दोरी सोडली, वरची फळी उचलली आणि पहिला टिपकागद बाजूला केला.

पानं हिरवी होती. बुरशी नाही, डाग नाही. आणि डहाळीच्या टोकाला, पानांच्या वर निघालेल्या देठावर, फुलांचा घोस.

पांढुरकी फुलं, आत जांभळट रेघा. व्यवस्थित दाबलेली, वाळलेली, पाकळी न पाकळी सुटी. त्यांचा पिवळट ठसा वरच्या आणि खालच्या दोन्ही कागदांवर उमटलेला. दुसऱ्या डहाळीलाही. तिसरीलाही.

“अरे, मग रडत काय होतास फूल नाही म्हणून?” कमलाबाई खाली वाकल्या होत्या, आमच्याकडं त्यांचं लक्ष नव्हतं. “सुंदर दाबलंय. कुणी केलं?”

मी रेंजरकडं पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम डबडबला होता. चाकू अजून हातातच. फुलं नव्हती म्हणावं तर शिक्का खोटा ठरतो, आणि शिक्का त्याचा.

“शिक्का माझाच आहे,” तो शेवटी म्हणाला. “तुटलेला नव्हता.”

तिथंच गप्प राहिलो असतो तर काम झालंच होतं. पण ज्या तोंडानं मी बुवांना खोटारडे म्हणतो, त्याच तोंडानं हे गिळणार कसं? मी म्हणालो, “बाई, बांधताना यात फुलं नव्हती. आम्ही सगळ्यांनी पाहिलंय.”

बाईंनी भिंग खाली ठेवलं. दोघांकडं बघितलं. फुलाचा देठ जिथं डहाळीतून निघतो ती जागा सुईनं उचकून पाहिली. चिकटवलेलं नव्हतं. लाकडातूनच आलेलं होतं. “काही रसाळ झुडपं दाबल्यावरही थोडी वाढतात,” त्या सावकाश म्हणाल्या. “पण हे लाकडी झाड… कळीशिवाय… सगळं सारखं दाबलेलं…” मग एकदम कोरडेपणानं, “ठीक आहे. हे फूल कुठल्याच नोंदीत नाही, एवढं मी आज लिहून देते. पण झाडावर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय वर्णन छापणार नाही. होळीपर्यंत तोड थांबवा म्हणावं.”

साहेबांनी थांबवली, पण होळीपर्यंतच. म्हणजे जे झाड कुणाच्या आजी-सासूनं फुललेलं पाहिलं नाही, ते आता होळीच्या आत फुलायला हवं होतं. ते दिवस मी कसे काढले विचारू नका. मित्र थट्टा करायचे, “जा, नवस बोल.” ठेकेदारानं तर कुऱ्हाडवाले आणून पायथ्याशी झोपड्याही घातल्या.

फाल्गुनात कमलाबाई साडीचा पदर खोचून, पायात कॅनव्हासचे बूट घालून मेट्टा चढल्या. रेंजर आला होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. वळणावर वास आला — हळदीचा नव्हे, गोडसर, दरवळणारा — आणि आम्ही सगळेच जरा थबकलो. मग माथा दिसला. सगळी झाडी पांढुरकी झालेली. एक झाड सुटलेलं नाही. मधमाश्यांचा नुसता आवाज. गावातली निम्मी माणसं आधीच वर येऊन बसली होती, बायकांनी केसांत घोस खोवले होते. बाईंनी एक फूल तोडून, नागपूरच्या दाबलेल्या फुलांवरून काढून आणलेल्या चित्राशेजारी धरलं. तेच. जांभळट रेघांसकट तेच.

जोगीबाई मला कोपरानं ढोसून म्हणाली, “काय रे बाबू, तुह्या पत्रकानं फुललं का माह्या तांदळानं?”

“मला माहीत नाही, जोगीबाई.”

“मले बी नाई,” ती म्हणाली, आणि असं हसली की बाई लिहायच्या थांबल्या.

माथा कूपातून वगळला गेला. सीमेचे दगड चुन्यानं रंगवून रोवले, त्यातला पहिला रोवताना रेंजरनं स्वतः पहार धरली. कुऱ्हाडवाले झोपड्या मोडून गेले आणि ठेकेदाराच्या बैलगाड्या वाटेच्या टोकाहून रिकाम्या परतल्या. पोरासोरांसकट सगळं गाव त्या बघायला रस्त्याच्या कडेला उभं होतं. कमलाबाईंनी लॅटिनमध्ये वर्णन छापलं. त्याआधी वरून एक सूचना आली होती, की झाडाला एखाद्या मोठ्या पुढाऱ्याचं नाव शोभून दिसेल. बाईंनी उत्तर पाठवलं, “सदर पुढारी त्या डोंगरावर आढळत नाहीत.” नाव मेट्ट्यावरून दिलं. या उत्तरावर मी एक अख्खं पत्रक काढलं, ते अजून लोक मागून नेतात.

आता राहिलं ते शिक्क्याआडच्या फुलांचं. मी खूप डोकं फोडलं आहे. रेंजरनंच मन बदलून हे केलं असेल, असंही वाटून गेलं. पण फुलं तेव्हा जगात कुठंच नव्हती, तर आणणार कुठून? परवा आलापल्लीच्या डेपोवर तो भेटला, तेव्हा सरळ विचारलं. त्यानं चहा पाजला आणि म्हणाला, “मी तुम्हालाच विचारणार होतो, पुढारी. बायको सांगते कुठं बोलू नका. पण तुम्ही छापत असाल तर छापा. खरं आहे ते.”

म्हणून छापतो आहे. पायथ्याच्या शेंदूरवाल्याला जाहीर सांगणं आहे — उद्या तुझा दगड मी स्वतः धुऊन काढणार आहे, कारण तिथं कुणी देव प्रकटला असं जोगीबाईसुद्धा म्हणत नाही. आणि माझ्या विवेकवादी मित्रांनाही सांगणं आहे — ‘नीट पाहिलं नसेल’ असं म्हणण्याआधी मेट्टा एकदा चढून या. झरा या वैशाखातही वाहतो आहे, पाणी पिऊन घ्या, माथ्यावर सावलीला बसा, आणि मग काय सुचतं ते मला कळवा. मला अजून काही सुचलेलं नाही.