चार मिनिटांचा वारा

बोरिवलीच्या खाडीवर पेट्रोलवर चालणारी एक प्रवासी बोट होती. तिचा तांडेल इंजिन सुरू करण्याआधी त्याच्या खणातली हवा बाहेर फेकणारा पंखा मोजून चार मिनिटं चालवायचा. तोवर कुणालाच चढू द्यायचा नाही.

"सहा मिनिटांच्या फेरीला चार मिनिटं तयारी?" मी घड्याळ दाखवलं.

त्याने पालथं पडून खणाच्या तळाशी नाक नेलं, वास घेतला.

"साहेब, पेट्रोलची वाफ खाली बसते. एक ठिणगी पडली, की वाट लागली." मग ताठ उभा राहून म्हणाला, "वीस वर्षं झाली. माझ्या बोटीत चढलेला प्रत्येक माणूस स्वतःच्या पायांनी उतरलाय."

परतताना पंखा चालू असताना धक्क्यावर कुणीतरी कुरकुरलं, "अजून किती वेळ रे?"

तांडेलाआधी मीच म्हणालो, "दीड मिनिट."