शिलाई मशीनवरचा लुकलुकणारा दिवा

आठ दिवस झाले, माझ्या शिलाई मशीनवरचा एलईडी दिवा लुकलुकतोय आणि जो तो मलाच सांगतोय, दिवा बदला. दोन बदलले. आज काळा ब्लाउज काळ्या दोऱ्याने शिवताना सुई बोटात गेली, तेव्हा डोकं फिरलं.

दिवा उचलला आणि स्वयंपाकघरात मिक्सरच्या पॉइंटला लावला. अजिबात लुकलुकेना! म्हणजे दोष मुलाने मागच्या आठवड्यात मशीनच्या दिव्याला लावलेल्या, मोबाईलवरून चालणाऱ्या स्मार्ट प्लगचा.

लगेच त्याला खराडीला ऑफिसात फोन लावला. म्हणाला, "अगं आई, तुझ्या डोळ्यांना त्रास नको म्हणून मीच मोबाईलवरून त्या प्लगमधून उजेड निम्मा केलाय. कमी उजेडावर काही दिवे लुकलुकतात."

"शहाण्या, मला विचारलंस?"

त्याने उजेड पूर्ण केला. लुकलुकणं कमी झालं, पण गेलं नाही. वर म्हणतो, "प्लग काढू नकोस हं, हौसेनं आणलाय."

हौस ठीक आहे, पण शनिवारी नवरीचे ब्लाउज द्यायचेत.

विश्रांतवाडीच्या या ग्रुपवर एवढे वायरमन आहात. या प्लगवर नीट चालेल असा दिवा मिळतो का? गुरुवार संध्याकाळपर्यंत सांगा. नाहीतर शुक्रवारी तो प्लग पोराच्या डब्यात पोळीभाजीबरोबर खराडीला जाईल.