मामी माप घेत नसत

माझ्या नवऱ्याच्या मामींनी शिवलेला कपडा हातात पडला त्या दिवशी कुणाच्या अंगाला नीट बसला, असं आमच्या घराण्यात एकदाही झालेलं नाही. आणि तो पुढे कधीच बसला नाही, असंही एकदाही झालेलं नाही. यातलं पहिलं वाक्य आम्ही हसत सांगतो. दुसरं सांगताना आवाज आपोआप खाली येतो.

मामींचं घर रत्नागिरीत, मांडवीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर. पुढे पडवी, पडवीत पायाचं शिलाई मशीन आणि मशीनवर मामी. देह असा की बसल्या की मशीन दिसत नसे, नुसता आवाज येई. मामांचा जन्म बोटीवर गेला. निवृत्त होऊन घरी आले तेव्हा पडव्या-खोल्या चिंध्यांनी भरलेल्या पाहून ते जे गप्प झाले, ते अजून पुरते बोलते झालेले नाहीत. मामी बाजारातून कापड आणत नसत. जुने पडदे, छत्रीचं कापड, रेनकोटाचे तुकडे, लग्नाच्या मांडवाची झालर, काहीही त्यांना चाले. एकदा त्यांनी खिडकीच्या पडद्यातून उरलेल्या कापडाचा मामांना कुडता शिवला होता. तो घालून मामा खिडकीपाशी बसले की आल्यागेल्याला हवेत तरंगणारं एक डोकं आणि चहाचा कप एवढंच दिसायचं.

दिवाळीची सुट्टी लागली की आम्ही सगळे तिथे जमत असू. फराळ सासूबाईंकडे आणि शिवण मामींकडे, अशी वाटणीच होती. घरातल्या पोरींना मामी पडवीत ओळीने बसवत. कुणी कापडी फुलं करायची, कुणी बाहुलीत कापूस भरायचा, कुणी बटणं लावायची. लहानमोठ्यांचे कपडे मात्र त्या स्वतः शिवत आणि भाऊबीजेला ज्याचं त्याला नाव घेऊन हातात देत. माप कधी घेत नसत. टेप घरात होती, पण ती मामांच्या लुंगीला बांधायला. मामी आपल्याला फक्त समोर उभं करत, तोंडात टाचण्या धरून पाहत आणि म्हणत, "हं." बस. पण तेव्हा त्या आपल्याकडे पाहत नसत. आपल्या जरा मागे, खांद्याच्या वर कुठेतरी पाहत. पहिल्या दिवाळीत नवी सून म्हणून मी उभी राहिले, तेव्हा मागे कोण आलंय म्हणून मी दोनदा वळून पाहिलं. कुणी नव्हतं. शिवत असताना त्या स्वतःशीच पुटपुटत आणि मध्येच कुणी "छान झालंय हो" म्हटलं तर भडकत. "झालंय की नाय ते तुला काय ठाऊक? अजून वेळ आहे त्याला."

त्या वेळेचा अर्थ मला माझ्या नणंदेच्या यजमानांमुळे कळला. त्यांना मामींनी एक शर्ट दिला. डावी बाही खांद्यापासून मनगटापर्यंत उघडी आणि तिला नाड्या. आम्ही इतके हसलो की भावोजींनी तो अंगात घालून नाड्या उडवत नाचून दाखवलं. नाताळच्या आसपास हातखंब्याच्या वळणावर त्यांची मोटरसायकल घसरली. डावा हात खांद्यापर्यंत प्लास्टरमध्ये गेला. कपाटातला एकही शर्ट चढेना आणि तो नाड्यांचा शर्ट मात्र असा बसला की दवाखान्यातली नर्स विचारू लागली, कुठे शिवून मिळतात म्हणून. पुढच्या वर्षी धाकट्या जाऊबाईंना पुढून उघडणारा, बाळाला पाजायला सोयीचा गाऊन मिळाला. लग्नाला सात वर्षं झालेली, डॉक्टर करून थकलेली ती बाई गाऊन तिथेच टाकून आत जाऊन रडत बसली. सासूबाई मामींवर चिडल्या, "अगो, जरा पोरीच्या मनाचा विचार करायचा होतास!" मामी दोरा दाताने तोडत म्हणाल्या, "मी काय करू? तोच झाला." जाऊबाईंना तेव्हा दिवस गेलेले होते. त्यांना स्वतःलाही ते माहीत नव्हतं.

इथवर गंमत होती. मग एका दिवाळीत सासूबाईंच्या हातात आली मऊ मलमलची टोपी, कान झाकणारी, आत शिवण टोचू नये म्हणून सगळ्या टिपा बाहेरून. "रत्नागिरीत टोपी घालण्याइतकी थंडी कुठली गो?" म्हणून सासूबाईंनीही थट्टाच केली. शिमग्याच्या सुमारास त्यांच्या छातीत गाठ सापडली आणि औषधांनी केस गेले. सासूबाई बऱ्या झाल्या, आज ठणठणीत आहेत, पण त्या दिवसांत डोक्याला दुसरं कसलंही कापड सहन होत नसे. त्यानंतर घरात एक चमत्कारिक प्रकार सुरू झाला. मामींची "हं" टाळण्यासाठी धट्टीकट्टी माणसं दाराआड लपू लागली. दिवाळीच्या आधीच एकेकाचा फोन जाई, "मामी, मला कपडा नको, बाजारची पिशवी पुरे." मामी निमूट पिशव्या शिवत. थोरल्या दिरांच्या पिशवीला आतून जाड, गार राहणारं अस्तर निघालं. दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांनी साखर तपासून घेतली. इन्सुलिन आता ते त्याच पिशवीतून नेतात.

आणि मग आली ती दिवाळी. माझी सई तेव्हा सात वर्षांची. पोरींच्या कपड्यांत मामींचं काही वावगं निघत नसे, जरा मोठे असत इतकंच, आणि मुली वाढतातच. भाऊबीजेला मामींनी सईला हाक मारली आणि पिवळ्या कापडावर हिरवी पानं असलेला सुरेख फ्रॉक तिच्या हातात दिला. सईने तो अंगाला लावला आणि म्हणाली, "मामीआजी, हा लहान आहे." मी तो घेऊन आत गेले आणि आदल्या वर्षीच्या फ्रॉकवर पसरून पाहिला. त्याच्याहूनही तो बोटभर आखूड होता. मी पुन्हा पसरला, पुन्हा तसाच. माणसाला घाम फुटतो म्हणतात, तो पाठीतून फुटतो हे मला तेव्हा कळलं. मामींचा कपडा पुढे येतोच येतो. मग जिला वाढायचं आहे तिच्यासाठी त्यांनी लहान का शिवला? सासूबाई म्हणाल्या, "अंदाज चुकला असेल." पण तसं म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटीच मामींकडे गेले. मशीन थांबलेलं होतं आणि त्या पायडलवर पाय ठेवून नुसत्या बसल्या होत्या.

"मामी, फ्रॉक लहान का झाला?"

"बस गो."

"मी बसायला नाही आले. मला सांगा, काय दिसलं तुम्हाला?"

"मला काय दिसणार?" मामी म्हणाल्या. "मी कापड लावते, कात्री चालते. नाव घेऊन बसलं की माणूस समोर येतो. सईचं नाव घेतलं, तर सई येईचना. एक लहान पोर पाठमोरी उभी. कितीदा हाक मारली, वळली नाय. मी म्हटलं नको शिवूया, तर हात थांबेना."

"मग?"

मामींनी हातातला चिंधीचा तुकडा गुंडाळला, उलगडला. "पाठ ओली होती तिची. केसांतून पाणी गळत होतं."

मी उठले. त्यांनी मागून हाक मारली, "तो फ्रॉक जाळू नको हो. वरच्या कप्प्यात ठेव." मला तो जाळायचाच होता. पण जाळला आणि त्यानेच काही झालं तर, या भीतीने मी तो कपाटात सर्वांत वर, चादरींच्या मागे कोंबला.

पुढचे महिने मी कसे काढले ते मलाच ठाऊक. सईला समुद्रावर न्यायचं नाही. विहिरीच्या बाजूला फिरकू द्यायचं नाही. शाळेची सहल समुद्राकाठी पूर्णगडला निघाली, तर मी तिला ताप आल्याचं कळवून घरी ठेवली, आणि धडधाकट पोर दिवसभर माझ्याकडे रागाने बघत राहिली. आंघोळीलाही मी दार लोटू देत नसे. डोक्यावरून पाणी घेऊन ती पाठमोरी उभी राहिली की मी हाक मारी. "सई, इकडे बघ." "का गं आई?" "बघ म्हटलं ना!" नवरा आधी हसला, मग चिडला, आणि शेवटी एक दिवस आपणहून विहिरीवर जाळी बसवून आला. कपाट उघडताना मी वर बघत नसे. पिवळा रंग दिसला तरी मी दार लावून घेई.

त्या पावसाळ्यात वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. माझा भाऊ तिथे राहतो, तळमजल्यावर. रात्रभर फोन लागला नाही. पाणी ओसरल्यावर तिसऱ्या प्रहरी एक टेम्पो आमच्या दाराशी थांबला आणि ताडपत्रीखालून भाऊ, वहिनी आणि त्यांची पाच वर्षांची आर्या उतरली. अंगावरच्या चिखलाखेरीज त्यांच्याजवळ काही उरलं नव्हतं. भाऊ पायरीवर बसला तो बसलाच. पाऊस कोसळतच होता. आर्या उंबऱ्यात आमच्याकडे पाठ करून उभी राहिली आणि रस्त्याकडे बघत राहिली. वहिनी म्हणाली, "कालपासून ही बोलतच नाही. हाक मारली तरी वळत नाही." तिच्या केसांतून पाणी गळत होतं आणि पाठ चिंब भिजलेली होती.

मी जागची हलले नाही. हलताच आलं नाही. सई मात्र आत पळाली, खुर्चीवर चढली, चादरी खाली पाडल्या आणि तो फ्रॉक घेऊन आली. तिने आर्याचे केस पुसले, ओले कपडे काढले आणि तो तिला घातला. खांद्याला खांदा, कमरेला कंबर, कुठे बोटभर इकडेतिकडे नाही. मामींनी आर्याला जन्मात पाहिलेलं नव्हतं. आर्याने फ्रॉकवरच्या पानांवरून हात फिरवला आणि ती वळली. "ताई, मला भूक लागली," म्हणाली. वहिनी रडू लागली आणि तिच्याहून मोठ्याने मी.

संध्याकाळी मी मामींना फोन केला. सगळं सांगितलं. मग मामींनी विचारलं, "गळा घट्ट होत नाय ना गो तिला?"

त्यानंतर मामींचं शिवण कमी होत गेलं. काचबिंदू होता, आणि कळला तेव्हा उशीर झाला होता. आता त्यांना उजेड तेवढा समजतो. गंमत अशी की जे लोक दाराआड लपत होते, तेच आता दिवाळीला कापडं घेऊन जातात. भावोजी शर्टपीस नेतात, थोरले दीर स्वतःहून समोर उभे राहतात. मामी कापडावरून हात फिरवतात, "चांगलं आहे हो, दुकानात द्या शिवायला" म्हणतात आणि घडी करून परत देतात.

गेल्या दिवाळीत सई त्यांच्यापुढे जाऊन बसली. ती आता माझ्या कानाला लागते. मामींनी दोन्ही हात तिच्या खांद्यांवर ठेवले, दंडांवरून खाली नेले, पुन्हा वर आणले.

"केवढी झालीस गो!" मामी म्हणाल्या.

"मामीआजी, माझं पुढे काय होणार?" सईने सरळ विचारून टाकलं.

मामी हसल्या. इतकं मोकळं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "मला काय ठाऊक? आता मलाही तुमच्यासारखंच, झाल्यावर कळतं." मग त्यांनी भिंतीला डोकं टेकलं आणि मामांना हाक मारून चहा मागितला. आम्ही सगळे पडवीत तसेच बसून राहिलो. अंगावर दुकानातून शिवून आणलेले, त्याच दिवशी अगदी मापात बसणारे कपडे होते आणि तरीही फार उघडं उघडं वाटत होतं.