जावयाचा स्कोर दिसत नव्हता

अधिक महिन्यात आम्ही दाजींना, म्हणजे माझ्या बहिणीच्या नवऱ्याला, धोंडे खायला बोलावलं. भोकरदनला दुपारभर करमणार नाही हे त्यांनी आधीच ओळखलं असावं. येताना ते आपलं गेम खेळायचं मशीन घेऊन आले. टीव्हीला जोडलं, क्रिकेट सुरू झालं, पण चित्राच्या चारी कडा कापलेल्या. बॅट्समन दिसायचा, कोपऱ्यातला स्कोर दिसायचा नाही.

बाबा शेजारी बसून कौतुकानं स्कोर विचारायचे. दाजी म्हणायचे, चांगला आहे, मामा.

शेवटी बाबांच्या लक्षात आलं आणि त्यांनी मला पुढं केलं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यात कॉम्प्युटरला. विहिरीवरची मोटार बंद पडली तरी मलाच बोलावतात.

जावयाच्या वस्तूला सासऱ्यानं नावं ठेवायची नसतात, सासऱ्याच्या वस्तूला जावयानं. म्हणून दाजी म्हणत होते, मशीनच बिघडलंय. बाबा म्हणत होते, आमचाच टीव्ही जुना. दोघंही मागं हटेनात. मी मधे बसून मशीनचं रिझोल्युशन बदलत राहिलो. वाढवलं तर पडदा काळा झाला. आई धोंडे तळता तळता बाहेर आली, पडद्याकडे आणि माझ्याकडे बघून परत गेली. जरा वेळानं मशीननं आपणहून जुनं चित्र आणलं म्हणून निभावलं. कमी केलं तर सगळं धूसर, आणि कडा तरीही कापलेल्याच.

मग मला आठवलं. काही जुने कार्यक्रम लागले की दोन्ही बाजूंना काळे पट्टे यायचे. टीव्ही अख्खा घेतलाय तर अख्खा भरला पाहिजे, म्हणून बाबांनी झूम लावून ठेवला होता. पण हे दाजींसमोर सांगणार कसं? आणि गप्प बसलो तर माझ्या शिक्षणाचं काय?

मी हळूच रिमोट मागितला. बाबा तो कुणाला देत नाहीत, पण पाहुण्यांसमोर द्यावा लागला. झूम काढला. स्कोर लख्ख दिसला: एकवीस धावा, सात बाद.

मी कोणतं बटण दाबलं ते बाबांनी नीट पाहिलं होतं.

"काय झाल्तं रे?" त्यांनी विचारलं.

"रिझोल्युशन होतं, बाबा," मी चाचरत म्हणालो.

बाबांचा जीव भांड्यात पडला. दाजींनीही लगेच मान हलवली.

"बराबर आहे, मामा. रिझोल्युशनमुळंच एवढ्या विकेटी गेल्या."