अडीच गोल आणि खालची कॉट

संपत फरशी बसवतो. आखातात, अल गराफातल्या बंगल्यांमधून अकरा वर्षांत त्याने इतकी फरशी बसवली आहे, की तिच्यावरून चालत जतला परत जाता येईल, असं तो सांगतो. एक मिलिमीटरही इकडचं तिकडे त्याला खपत नाही. दिवसभर काम गुडघ्यांवर, आणि झोपायला कंपनीच्या खोलीतली वरची कॉट. शिडी चढताना त्याचे गुडघे वाजतात, आणि खालच्या कॉटवरचा किसन ड्रायव्हर ते आडवा पडून ऐकतो.

त्या खालच्या कॉटसाठीच संपतने पैज घेतली. शुक्रवारी फरशीवाले विरुद्ध ड्रायव्हर असा फुटबॉलचा सामना होता. पैसे लावायला इथे बंदी, म्हणून किसनने कॉट लावली, तीही अडीच गोलांवर. दोन्ही संघांचे मिळून तीन किंवा जास्त झाले तर किसन जिंकला, दोन किंवा कमी झाले तर संपत. हरला तर संपतने महिनाभर कॉटचं नाव काढायचं नाही.

संपतला अर्धा गोल पटेना. अर्धी फरशी त्याने हजारदा कापली होती. गोल कसा कापणार? किसनने समजावलं, की तो कधी होतच नाही, म्हणून तर ठेवायचा. नुसते दोन ठेवले आणि दोनच झाले, तर कॉट कोणाची? हे पटलं. पण सामना कोण जिंकतं याला पैजेत काडीची किंमत नाही, हे त्याच्या गळी उतरायला दोन चहा लागले.

शेवटची पाच मिनिटं उरली तेव्हा एक-एक होतं. कडेला बदली खेळाडू म्हणून बसलेला संपत मनातल्या मनात खालच्या कॉटवर चादर घालत होता. तेवढ्यात फरशीवाल्यांना पेनल्टी मिळाली. नेहमी पेनल्टी मारणारा लंगडत बाहेर गेलेला. कप्तान रहमानने संपतला उठवलं.

"यल्ला, चलो संपतभाई, आपका नाप कभी गलत नहीं होता."

संपतने चेंडू बाहेर घालवायचं ठरवलं. उजव्या खांबाच्या बाहेर दोन हातांवरची जागा त्याने नजरेने आखून घेतली. गोलकीपरने ती नजर पाहिली आणि तिकडेच झेप घेतली. पण संपतने जन्मात चेंडूला लाथ मारलेली नव्हती. चेंडू बुटाच्या कडेला लागला, डावीकडे वळला आणि कसलीही घाई न करता घरंगळत जाळ्यात गेला.

फरशीवाल्यांनी त्याला खांद्यावर घेतलं. हरलेल्या ड्रायव्हरांमध्ये एकटा किसन टाळ्या पिटत होता. बाकीचे ड्रायव्हर त्याच्याकडे बघत राहिले.

खोलीवर आल्यावर मात्र किसनला ओशाळल्यासारखं झालं.

"आजच्या दिवस झोप लेका खाली. मॅच जिंकून दिलीस."

"तीन झालं का न्हाय?"

"झाले."

"मग खलास." संपतने शिडीवर पाय ठेवला. गुडघा वाजला. "महिन्यानं परत लावू. तवा मी तिनाच्या बाजूनं, आन् पेनल्टी बी मीच मारनार."

किसनने आडव्या आडव्याच हात वर केला आणि टाळी घेतली.