अकोल्यात न पडलेला पाला

फोन आला तेव्हा मी अमरावतीला, राजापेठेत मुलीकडे होतो. पलीकडून निर्मलावहिनी, अकोल्याच्या आमच्या शेजारीण. "भाऊ, लवकर या. बाई उठून नाई राहिल्या..." एवढंच. एस.टी.त बसल्यावर मनात एकच गोष्ट घोळत राहिली. ताईला शेवटी उठवायला गेल्या त्या निर्मलावहिनीच, आणि ताई त्यांच्याशी कितीतरी दिवस बोलली नव्हती.

कुसुमताई माझी थोरली बहीण. लग्न केलं नाही. सगळी नोकरी चिखलदऱ्याच्या शाळेत झाली. राहत्या खोलीमागे तिने भाजीचा एक तुकडा केला होता. तिथे कडाक्याच्या थंडीत दव गोठतं आणि टोमॅटो-वालाची पानं एका रात्रीत काळी पडतात. तिकडची माणसं हिंदीतला शब्द उचलून त्याला पाला म्हणतात. एकदा तिची सगळी रोपं पाल्याने गेली. तेव्हापासून महाशिवरात्र उलटल्याशिवाय ती काकडी-दोडक्याचं बी मातीत टाकत नसे. निवृत्त होऊन माझ्याकडे अकोल्याला आली, ती ही शिस्त सोबत घेऊनच.

आमच्या घरामागच्या मोकळ्या प्लॉटवर कॉलनीतल्या बाया भाजी लावतात. ताईने त्यांना वाफे आखायला शिकवलं, आणि शाळेतल्या बाईंचं ऐकावं तसं त्या तिचं ऐकू लागल्या. काकडीचं बी आणून झालं, तरी ताई म्हणाली, "थांबा, अजून पाला पडेल." निर्मलावहिनी पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "पाला तं पडनच ना बाई, झाडं हायेत तं!" सगळ्या हसल्या. पण थांबल्या. अकोल्यात पाला पडलेला कोणी पाहिला नव्हता, तरी बाई सांगतात म्हणून थांबल्या. महाशिवरात्रीनंतर बी टोचलं. वेल चढले तोवर ऊन असं तापलं की फुलं नुसती गळायची, धरलेली काकडी बोटाएवढी होऊन पिवळी पडायची. मागच्या गल्लीतल्यांनी थंडी सरता सरता लावलेल्या काकड्या घरोघर वाटून झाल्या होत्या. एका संध्याकाळी कुंपणाशी निर्मलावहिनी म्हणाल्या, "आमच्याइकडं पाला बकऱ्या खातेत, बाई!"

ताईही हसली. घरात येऊन मात्र ती बराच वेळ हात धूत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "इतकी वर्षं पोरांना भूगोल शिकवला रे मी."

त्यानंतर ती प्लॉटवर जायची, पाणी घालायची. पण कधी काय लावायचं, हे तिने कोणाला सांगितलं नाही. विचारलं तर म्हणायची, "तुमचं तुम्ही बघा." कशाचीच तारीख तिच्या तोंडून निघेना. चतुर्थी कधी, हेसुद्धा ती मला कॅलेंडरात बघायला लावायची.

यंदा थंडी फार पडली. एका सकाळी निर्मलावहिनी दारात आल्या. "बाई, यंदा पाला पडन का?" ताई आत निघून गेली. मलाही तो टोमणाच वाटला. मी म्हटलं, "जाऊ द्या वहिनी, कशाला आता ते..." आणि दार लोटून घेतलं. त्यानंतर ताई प्लॉटवरही गेली नाही.

ताईचं तेरावं झाल्यावर निर्मलावहिनी आल्या. उंबऱ्याशीच बसल्या. "भाऊ, म्या खरंच इचारलं होतं. माह्या वालाची पानं करपून गेलती. बाईले नाई तं कोनाले इचारू? त्या काहून रागावल्या माह्यावर?"

मी म्हणालो, तब्येत बरी नव्हती. खरं सांगायला जीभ उचलली नाही. हे छापून आलं की त्या वाचतील, म्हणून इथे लिहितो: वहिनी, ती रागावली नव्हती. तुम्हाला तोंड दाखवायला ती लाजत होती. आणि तुमचं बोलणं मला तरी समजायला हवं होतं.

तिच्या खोलीच्या खिडकीतून तो सगळा प्लॉट दिसतो. त्या बायांनी परवा ताईचाही वाफा भिजवला. कोणी मला विचारलं नाही. ताईची वेताची खुर्ची तिथेच आहे, खिडकीकडे पाठ करून. शेवटच्या दिवसांत तिनेच ती तशी फिरवून घेतली होती. मी रोज त्या खोलीत जातो, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवतो... आणि तशीच राहू देतो.