इनंडेटेडला आपला शब्द

पाटबंधारे खात्यातल्या भाषांतरकाराच्या पायाला त्या दुपारी भिंगरी लागली होती. खुर्चीत बसे, उठे, खिडकीपाशी जाई, परत येई. शेजारच्या टायपिस्टबाई शेवटी वैतागल्या. "अहो, बसा ना एका जागी! मलाच गरगरायला लागलंय."

बसणार कसा? टेबलावर धरणाच्या इंजिनिअरचा इंग्रजी कागद होता. उद्या सकाळी दरवाजे उघडणार, खालची वस्ती इनंडेटेड होणार. चार वाजता भोंग्याची गाडी ही सूचना सांगत वस्तीत फिरणार होती, त्याआधी भाषांतर हवं होतं. आणि त्याच वस्तीत, नदीकडून तिसऱ्या घरात, त्याची थोरली बहीण राहत होती.

खात्याच्या शब्दसूचीत इनंडेटेडसमोर 'आप्लावित' छापलेलं. सव्वीस वर्षं त्याने तो शब्द डोळे मिटून वापरला. आज मात्र हात अडला. कागद घेऊन तो कॅन्टीनमध्ये गेला आणि तिथल्या मावशींना विचारलं, "वस्ती आप्लावित होणार, असं ऐकलं तर काय कळतं तुम्हाला?"

मावशींनी कप विसळता विसळता विचार केला. "चांगलंच असेल की! आपल्याला काहीतरी मिळणार असेल."

"कसलं मिळतंय?" दारातला वॉचमन म्हणाला. "जागा सरकारजमा होणार, दुसरं काय!"

जागेवर येऊन भाषांतरकाराने जाडजूड इंग्रजी कोश उघडला. शब्द मुळात लॅटिनमधला निघाला. उंडा म्हणजे लाट, इन म्हणजे वर. लाट अंगावर येणं! एवढा धडधडीत अर्थ, आणि आपण इतकी वर्षं त्याला इस्त्री करून घडी घालत होतो. स्वतःचाच राग आला त्याला.

तो तडक साहेबांकडे गेला. "साहेब, शब्द बदलतो. घरं बुडतील, असं सरळ लिहितो."

साहेबांनी टेबलावरच्या ढिगाकडे हात केला. "मी रोज फायलींनी इनंडेटेड असतो. बुडालो का? सूचीत आहे ते लिहा. उगाच घबराट नको."

"फायली नाकातोंडात जात नाहीत हो!" तो बोलून गेला आणि साहेबांच्या कपाळावर आठी चढायच्या आत बाहेर पडला. अर्ज, फायली, शुभेच्छा, कशानेही माणसं इनंडेटेड व्हायला लागली होती. शब्दातली लाट केव्हाच ओसरली होती.

त्याने इंजिनिअरला फोन लावला. "पाणी नक्की किती येईल?"

"घरांच्या पत्र्यापर्यंत. स्पष्ट लिहिलंय की मी, इनंडेटेड!"

डोक्याला हात लावून त्याने बहिणीला फोन केला. "ताई, उद्या सकाळी तुझं घर पत्र्यापर्यंत बुडणार. आत्ताच्या आत्ता माझ्याकडे ये."

"अगं बाई! निघते रे. पण इथल्या बाकीच्यांचं काय?"

"गाडी येतेय सांगायला."

"असंच सांगणार ना? आत्ता तू सांगितलंस तसं?"

फोन ठेवून त्याने कागद ओढला आणि खाडाखोड न करता लिहून काढलं: 'उद्या सकाळी तुमची घरं पत्र्यापर्यंत बुडतील. आजच बाहेर पडा.' कागद साहेबांसमोर ठेवला तेव्हा पावणेचार झाले होते.

"तुमच्या जबाबदारीवर," साहेब कागदाकडे न बघताच म्हणाले. "खाली सही करा."

भाषांतरकाराकडे सही कोण मागतो? सव्वीस वर्षांत एकाही कागदावर त्याचं नाव गेलं नव्हतं. त्याने पूर्ण नाव लिहिलं.

साहेबांनी शिक्का उचलला आणि मारण्याआधी सवयीने कागद वाचला. मग पुन्हा वाचला, या वेळी ओठ हलवत. शिक्का मारून त्यांनी घरी फोन लावला.

"अगं, आपल्या कामाच्या बाई खालच्याच वस्तीत राहतात ना? भांडी राहू दे. त्यांना आधी घरी पाठव."